वय वर्षं सत्तेचाळीस

भिवंडी
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

मनाली बोलली, फोन करू नको, आईला लिहून पाठव. बरोबर आहे. तुमच्याकडे केसरीनाथमामा फोन ताटाशेजारी स्पीकरवर ठेवून जेवतात, आणि आपण काय बोललो ते अंजूरच्या नाक्यापर्यंत जातं. म्हणून हे पत्र, काळूरामच्या रिक्षातून पाठवतेय. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मी बोलते तसंच लिहिणार. ऱ्हस्व-दीर्घ तू सांभाळून घे.

पहिली बातमी, मी परमनंट झाले! सीटी स्कॅनच्या मशीनवर आता माझी एकटीची ड्युटी. आत्या, तू एकदा येऊन बघच. माणूस झोपवायचा, बटण दाबायचं, हनुवटीपासून टाळूपर्यंत सगळी कवटी वीस सेकंदांत स्क्रीनवर. मग मी ती फिरवू शकते, पातळ पातळ चकत्या करून बघू शकते, जबडा वेगळा, गालाचं हाड वेगळं. परवा एक लूमवाला आला, मशीनचा दांडा तोंडावर बसलेला. झोपल्या झोपल्या विचारतो, "मॅडम, इसमें दिमाग भी दिखेगा क्या?" मी म्हटलं, "दिखेगा ना." तर म्हणतो, "फिर एक कॉपी घरवाली को भेज दो, वो मानती ही नहीं." मी हसून हसून वेडी झाले. पण स्कॅन एक नंबर आला. साध्या एक्स-रेत एक क्रॅक दिसत होती, माझ्या मशीनवर तीन निघाल्या.

दुसरी गोष्ट मनालीची. पप्पा सांगत होते, डावा गाल वर्षभर सुजलाय, दातवाल्यानं एक दाढ काढली, मग दुसरी काढली, गाल आहे तसाच. आत्या, सूज दाबली की दबते. दिवाळीला मी तिचा गाल दाबून बघितला होता, फरशीसारखा कडक. ते मांस नाही, हाड आहे. दातवाला दातच बघणार ना! तिला घेऊन ये. ठाण्याला वगैरे जायची काही गरज नाही. मी आहे इथं.

तुझी,
करिष्मा

*

अंजूर
१६ फेब्रुवारी २०२४

चि. करिष्मा बाय,

तुझा कागद मिळाला. त्या लूमवाल्याचं वाचून मनाली जाम हसली. मी पन हसली. मंग न्हाणीत जाऊन रडली. तुला खरं सांगते, गाल एक वर्साचा न्हाय, दोन वर्सांचा हाय. मी तिला केस पुढं घ्यायला लावते, म्हणून कोनाच्या नजरंत येत न्हाय.

आता नीट ऐक. मनालीचं जमलंय. वडप्याचा कुणाल, रामनाथशेठचा पोरगा, हायवेला त्यांची गोडाऊनं हायत. साखरपुडा अक्षय तृतीयेला. लगीन डिसेंबरात, नोव्हेंबरला तिला अठरा पुरी झाली का. बघायला आले तवा मी तिला खिडकीच्या अंगाला बसवली, उजवा गाल पाव्हण्यांकडं. तवा कुठं जमलं.

आनि तुझ्या काउंटरवर बसतो तो हितेश, तो कुणालचा मावसभाऊ हाय, तुला ठाव न्हाय. त्याच्या कंप्युटरात मनालीचं नाव गेलं का त्याच दिवशी वडप्याला पोचलं समज. कवटीचा फोटो काढला बोलल्यावर कोन हाड बघनार हाय? डोक्यातच काय तरी हाय बोलतील, आनि नारळ परत.

म्हणून नाव माझं घाल. राहीबाई केसरीनाथ तरे, वय सत्तेचाळीस. कार्ड माझं देते. काउंटरला मी येनार, पोरगी सोबतीला. आत तू काय ते कर. फोटो हाडाचा तं हाय, हाडावर कोनाचं नाव लिवलेलं असतं?

न्हाय बोलू नको. भावाची पोर म्हणून तुला सांगते.

तुझी आत्या,
राहीबाई

*

भिवंडी
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

रिपोर्ट आला! आधी ऐक, कॅन्सर नाही. परत वाच. कॅन्सर नाही.

स्कॅनच्या दिवशी मला किती टेन्शन होतं, तुला कळलं नसेल. तुला आत घेतलं, पडद्यामागं स्टुलावर बसवलं, आणि मनालीला टेबलावर झोपवलं, तेव्हा माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. नियमात हे बसत नाही, माहितेय मला. पण हितेशनं मान वर करून बघितलं पण नाही. मोबाइलवर क्रिकेट चालू होतं त्याचं.

आता काय निघालं ते सांगते. या रोगाचं नाव फायब्रस डिस्प्लेसिया. घाबरू नको, नावच मोठं आहे. पक्क्या हाडाच्या जागी कच्चं हाड भरत जातं, म्हणून गाल फुगतो. स्क्रीनवर चांगलं हाड पांढरंशुभ्र दिसतं, आणि हे कसं दिसतं माहितेय? बाथरूमच्या खिडकीला दुधी काच असते ना, तस्सं. मी बघितल्या बघितल्या ओळखलं! रिपोर्ट यायच्या आधी वहीत लिहून ठेवलं होतं. आमचे डॉक्टर सुश्रुत सर ठाण्यात बसून सगळ्या सेंटरचे स्कॅन वाचतात, त्यांनीही तेच लिहिलंय. मी नाचायची बाकी होते.

सरांनी लिहिलंय की हे लहानपणापासून असतं आणि या वयात वाढत नाही. हाड डोळ्यामागच्या नळीपर्यंत पोचलंय, त्या नळीतून डोळ्याची नस जाते, पण नळी उघडी आहे. औषध नाही, ऑपरेशन नाही, काही करायचं नाही. फिल्म कपाटात ठेवून दे आणि साखरपुड्याच्या तयारीला लाग.

मनालीला सांग, तिच्या कवटीचा थ्रीडी फोटो इतका सुंदर आलाय की मला डीपीला ठेवावासा वाटतोय!

तुझी,
करिष्मा

*

अंजूर
२० जून २०२४

चि. करिष्मा बाय,

साखरपुड्याला तू आलीस, छान वाटलं. फोटोग्राफरला मी आधीच सांगून ठेवलं होतं, डाव्या बाजूनं काढू नको. फोटो चांगले आलेत.

आज लिवते ते मनालीसाठी. परवा कल्यानला शालू घ्यायला गेलो. माझ्या मनात लाल. दुकानदारानं पसरला. ही काय करते, एक डोळा हातानं झाकून बघते, मंग दुसरा झाकून बघते. पुन्हा पहिला. दुकानदार बोलला, "ताई, डोळा मारताय का शालूला?" सगळे हसले. ही बोलली, "आई, या डोळ्यानं लाल हाय, आनि या डोळ्यानं विटेसारखा दिसतो." तिच्या बाबांनी गाडीत जाम ऐकवलं तिला. चाळीस शालू काढले, एक पसंत न्हाय.

मला वाटतं पोरीला लगीन नको झालंय, आनि तोंडानं बोलायची हिंमत न्हाय, म्हणून असली नाटकं. बारावी करून पुढं कालेजात जायचं तिच्या मनात होतं. तू तिच्या वयाच्या जवळची, तू समजाव. गाल मला थोडा मोठा वाटतो, पन आईचे डोळे, रोज बघून बघून काय पन दिसतं.

तुझी आत्या,
राहीबाई

*

भिवंडी
२४ जून २०२४

प्रिय आत्या,

घाईत लिहितेय, आज सतरा पेशंट आहेत आणि एसी बंद पडलाय.

मनालीला मी सांगितलं, नीट वाग. गालाचं टेन्शन घेऊ नको, सरांनी वाढत नाही असं लिहिलंय म्हणजे नाही वाढत. डोळ्याचं म्हणशील तर दिवसभर मोबाइल आणि बारावीचा अभ्यास, नंबर आला असेल. भिवंडीत चष्म्याच्या दुकानात फुकट तपासतात, तिथं ने. शालू मरून रंगाचाच घ्या, कोणत्याही डोळ्यानं चांगला दिसतो.

आणि मी एक नवीन ऑनलाइन कोर्स लावलाय, खास चेहऱ्याच्या हाडांचा. मनालीच्या केसवरून मला एवढा इंटरेस्ट आला!

करिष्मा

*

अंजूर
३ सप्टेंबर २०२४

करिष्माताई,

हे पत्र आईला माहीत नाही. भाविकदादा तुझ्या हातात देईल.

चष्म्याच्या दुकानात नंबर आला नाही. दुकानदार बोलला, काच बदलून उपयोग नाही, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. बाबा बोलले, लग्नानंतर. मग गेल्या सोमवारी दादानं मला बाइकवर बसवून ठाण्याला नेलं. डाव्या डोळ्यानं मला भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसलं, बाकी सगळं धुपाच्या धुरात. डॉक्टर बोलले, चेहऱ्याचा काही स्कॅन झालाय का? दादानं कपाटातून फिल्म उचलून आणली होती. त्यांनी ती उजेडावर धरली.

"हे कोणाचं?"

दादा घाबरला. बोलला, "आईचं."

"आई किती वर्षांची?"

"सत्तेचाळीस."

डॉक्टर म्हणाले, "सत्तेचाळिसाव्या वर्षी आईला अक्कलदाढा अजून यायच्या आहेत वाटतं. मुळं अर्धीच झालीत." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझं आहे.

ते हसले नाहीत. म्हणाले, "सत्तेचाळीसच्या बाईत हे हाड विझलेलं असतं. सतराच्या मुलीत ते चालू असतं. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं बाईचा लिहिलाय." माझ्या वयाला दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचा असतो म्हणे, आणि डोळा तर दर तीन महिन्यांनी तपासायचा असतो. तू आईला लिहिलं होतंस, काही करायचं नाही, फिल्म कपाटात ठेव.

त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथं नवीन स्कॅन झाला, माझ्या नावावर. हाडानं नस आवळलीय. पण ऑपरेशन करताना डोळाच जाऊ शकतो, म्हणून ते घाई करत नाहीत. हाड किती वेगानं वाढलंय ते त्यांना बघायचंय. हळू असेल तर थांबायचं, जोरात असेल तर लगेच करायचं. त्यासाठी फेब्रुवारीचा स्कॅन पाहिजे. फिल्मवर मिलिमीटर मोजता येत नाहीत, सेंटरमधला डेटा पाहिजे, आणि हा स्कॅन मनाली तरेचाच आहे असं सेंटरचं पत्र पाहिजे. ते कधी देतेस?

आणि एक सांग. तुझे सर एवढे मोठे डॉक्टर. त्यांना दाढा दिसल्या नाहीत?

मनाली

*

भिवंडी
५ सप्टेंबर २०२४

मनाली,

दिसल्या.

त्यांचा फोन आला होता. स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. "करिष्मा, हा राहीबाईंचा स्कॅन, वय बरोबर आहे ना? अक्कलदाढा अर्ध्या दिसतायत." मी म्हटलं, "हो सर, कार्ड बघूनच एंट्री केलीय." ते मग म्हणाले, "ठीक आहे, असतात एखादीच्या उशिरा." त्यांच्याकडे त्या दिवशी अजून तीसेक स्कॅन पडले होते.

मला तेव्हा वाटलं, वयानं काय होतंय? रोग तर बरोबर ओळखला ना! कोर्समध्ये चौथा धडाच आहे, एकाच फोटोचा अर्थ वयाप्रमाणे कसा बदलतो. तो मी जुलैमध्ये शिकले. शिकताना मला तू आठवलीस. मी पुढचा धडा लावला.

सोमवारी सरांना सगळं सांगते. डेटा आणि पत्र दोन्ही मिळेल. प्रॉमिस.

सॉरी. दुसरं काय लिहू.

करिष्मा

*

अंजूर
७ सप्टेंबर २०२४

करिष्मा,

मला भाविकनं सगळं सांगितलं. तुझ्या पाया पडते, डिसेंबरापर्यंत थांब. तुझ्या सरांना सांगशील, सर हितेशला विचारतील, हितेश वडप्याला सांगेल. आजारी पोरगी गळ्यात मारत होते असं सगळ्या तालुक्यात होईल. तिला मंग कोन करील? मुंबईचे डाक्टरच बोलतात ना, घाई न्हाय म्हणून. लगीन होऊ दे. मंग कुणाल त्याच्या बायकोला काय करायचं ते करील, त्याला काय कमी हाय.

पोर तुझं ऐकते. तिला सांग, वेळ लागतो म्हणून.

राहीबाई

*

भिवंडी
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय मनाली,

तुझे मिस्ड कॉल बघितले. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतो.

फेब्रुवारीचा डेटा जुन्या सर्व्हरवर गेलाय. तो परत आणायला कंपनीच्या माणसाला बोलवायला लागतं, आणि गणपतीला गावाला गेलेला तो अजून आला नाही. सरही बाहेर आहेत. थोडा वेळ लागेल. तोपर्यंत डोळ्याला ताण देऊ नको, गाजर खा, थेंब टाकत राहा.

आत्याची काळजी घे. तिला बीपी आहे.

करिष्मा

*

अंजूर
१९ ऑक्टोबर २०२४

करिष्माताई,

काल मी तुझ्या सेंटरला येऊन गेले. तुझी सुट्टी होती, ते बघूनच आले.

काउंटरला हितेश होता. मी सरळ सांगितलं, फेब्रुवारीत राहीबाई तरेच्या नावावर झालेला स्कॅन माझा आहे, मला तो पाहिजे. मला वाटलं आता हा ओरडणार. त्यानं खुर्ची पुढं केली. बोलला, "बस. मला तेव्हाच माहीत होतं. आत आई गेली, आणि बाहेर येताना मशीनच्या पट्ट्याचा वळ तुझ्या गालावर होता." मी विचारलं, वडप्याला सांगितलंस? तो बोलला, "पेशंटचं बाहेर सांगायला मला पगार देतात काय?"

डेटा त्यानं दहा मिनिटांत काढून दिला. कुठल्या जुन्या सर्व्हरवर नव्हता, त्याच कंप्युटरात होता. मग सुश्रुत सरांना त्यानंच फोन लावून दिला. सर पंधरा मिनिटांत स्वतः गाडी घेऊन निघाले आणि संध्याकाळी पत्रावर सही करून गेले. मला सॉरी म्हणाले. तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पाच सप्टेंबरला तू सोमवार लिहिला होतास. सहा सोमवार गेले.

आज मुंबईला दाखवून आले. हाड चार मिलिमीटर वाढलंय. नस जाते ती नळी आधीच्या निम्मी पण राहिली नाही. ते म्हणाले लगेच ऑपरेशन करू, वडिलांची सही आणा. बाबा सही करत नाहीत. म्हणतात, तोंड सुजलेली नवरी मंडपात उभी करू का? डिसेंबर संपू दे. आई मध्ये बसते आणि दोघांना चहा देते.

मनाली

*

भिवंडी
२ नोव्हेंबर २०२४

मनाली,

तू वाचशील की नाही माहीत नाही.

सर्व्हरचं खोटं होतं, तुला कळलंच. आत्याचं पत्र आलं होतं, थांब म्हणून, पण ते निमित्त. आत्याचं पत्र आलं नसतं तरी मी थांबले असते. त्या सोमवारी मी ठाण्याला सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि त्यांना एसीचं बिल देऊन परत आले. मला वाटलं नोकरी जाईल, परत कुठं घेणार नाहीत. घरात पप्पा सगळ्यांना सांगतात, माझी पोरगी कवटी वाचते.

नोकरी गेली नाही. सर एवढंच बोलले, "मी तुला विचारलं होतं." आता मशीनवर मी एकटी नसते, वेळेआधी येऊन दुसरी मुलगी बसते आणि माझी प्रत्येक एंट्री तपासते. दोन आठवडे सर फोनवर माझ्याशी गुड मॉर्निंगच्या पुढं बोललेले नाहीत.

मी मामांकडे आले होते, काल. पाया पडून सांगितलं, सही करा, सगळी चूक माझी, मीच वय खोटं घातलं. ते टीव्ही बघत होते. आवाज वाढवला. तू वर होतीस, जिन्यावर तुझे पाय दिसले. तू खाली आली नाहीस.

मी काय करू ते सांग. काहीही सांग.

करिष्मा

*

अंजूर
४ जानेवारी २०२५

करिष्माताई,

तू विचारलंस काय करू. आज लिहायला बसलेय, कारण आता अर्धं पान लिहिलं की डोकं दुखायचं ते थांबलंय. एका डोळ्यानं लिहायची सवय होतेय. ओळी वर चढल्या असतील तर बघून घे.

नऊ नोव्हेंबरला मला अठरा पूर्ण झाली. आईनं शिरा केला होता. मी तो डब्यात भरला, दादाच्या मागं बसले आणि हॉस्पिटलला गेले. वडिलांच्या सहीची जागा रिकामी सोडून माझ्या जागेवर मी सही केली. चौदा तारखेला ऑपरेशन झालं. हाड कापून काढलं, गाल बराच खाली बसला. आता फोटो कुठूनही काढता येतो.

डाव्या डोळ्याची नजर परत आली नाही. खिडकी उघडी आहे की बंद एवढं कळतं. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, सप्टेंबरमध्ये केलं असतं तर? ते बोलले, "आता त्यात जाऊ नका." शेजारच्या ज्युनियरनं मान खाली घातली. तिथंच मला उत्तर मिळालं.

कुणालला मीच सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. तो बोलला, दोन दिवस दे, विचार करतो. अजून करतोय. बाबा म्हणतात, तू सांगितलंस म्हणून. आई म्हणते, तिनं सगळं माझ्यासाठीच केलं, आणि ते खरं पण आहे, म्हणून तिच्याशी भांडता पण येत नाही. ती रात्रंदिवस माझ्यासमोर बसून असते. उजव्या बाजूला बसते, म्हणजे मला दिसेल.

तुझ्याशी भांडता येईल असं वाटलं होतं. पण मागच्याच्या मागच्या दिवाळीला गालाला हात लावून हे हाड आहे असं ओळखणारी तूच एकटी होतीस. दातवाल्याला दोन दाढा काढून कळलं नाही ते तुला कळलं. एवढं कळत होतं तर पुढचं का नाही कळलं, हेच मला अजून उलगडत नाही, आणि तुझ्याकडून ऐकायची माझी इच्छा पण नाही.

आता काय करायचं ते. उजव्या बाजूचं हाड पण थोडं दुधी दिसतंय. दर सहा महिन्यांनी स्कॅन सांगितलाय, पंचविशीपर्यंत तरी. मुंबईला जाऊ शकते. जाणार नाही. मे महिन्यात मी तुझ्या सेंटरला येणार आहे, शनिवारी, बाकडी भरलेली असतात तेव्हा. तू सुट्टी घेऊ नको.

आत नेऊन दार लावून काही विचारायचं नाही. बाहेर, काउंटरसमोर उभी राहून विचार, पेशंटचं नाव काय, वय काय. मी सांगेन. तू लिही आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं परत वाचून दाखव. मग मला आत घे.

उजव्या डोळ्याच्या नळीपासून सुरुवात कर. तेवढीच राहिलीय.

मनाली